मौनीचा वस्तरा

आमच्या गल्लीत सगळे त्याला मौनी म्हणत. कटिंग-दाढीचं दुकान चालवणारा माणूस आणि बोलत नाही, हे लोकांना इतकं नवलाचं वाटे की त्याचं खरं नाव विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझं चष्म्याचं दुकान त्याच्या दुकानाला लागून. मधली भिंत पातळ. त्याच्या कात्रीचा आवाज मला ऐकू येई आणि माझ्याकडे डोळे तपासायला आलेले लोक भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत, ती त्याला ऐकू जात. "आज सगळे खालच्या ओळीला आपटतायत," असं तो चहा पिताना म्हणे. एवढं बोलला की त्याचा दिवसाचा कोटा संपला.

पुढे जे घडलं त्यातलं काही मी पाहिलं, काही त्याने आणि त्याच्या बायकोने सांगितलं. मी हे लिहू का, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लिही. मला ते कळायला फार वेळ लागला. दुसऱ्या कुणाला लवकर कळेल."

त्याचा हात फार हलका होता. दाढी करताना माणसं घोरायला लागत. दुकान मूळ त्याच्या मामाचं. मौनीचे वडील तो लहान असताना गेले, तेव्हा मामाने त्याला आणि आईला घरी आणलं आणि धंदा शिकवला. मामाच्या मागे त्याने दुसरी खुर्ची टाकली, एक कारागीर ठेवला. कारागीर मौनीहून पुष्कळ लहान, तोंडाने फटकळ. दोन्ही खुर्च्यांचं बोलणं तो एकटाच बोले. घरी मौनीची बायको, ती बस डेपोत तिकीट खिडकीवर कामाला, आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी. खाऊनपिऊन सुखी घर. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

एका सकाळी हेडमास्तर खुर्चीत बसले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीला ते हेडमास्तरच. डोकं मागे टेकलेलं, डोळे मिटलेले. मौनीने हनुवटीखालचा फेस काढायला वस्तरा टेकवला आणि त्याच्या मनात एक वाक्य आलं: आत्ता जरा दाबला, तर?

त्याचा हात थांबला.

"काय रे, काय झालं?" हेडमास्तरांनी डोळे न उघडताच विचारलं.

"पातं बोथट झालंय. बदलतो."

पातं त्याने दहा मिनिटांपूर्वीच बदललेलं होतं. त्याने ते पुन्हा बदललं, पाणी प्यायला, परत आला. वस्तरा टेकवला. वाक्य पुन्हा आलं. या वेळी वाक्याबरोबर चित्रही आलं. ते त्याने मला कधी सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. उरलेली दाढी त्याने कशीबशी उरकली. हेडमास्तर गालावरून हात फिरवत निघून गेले, आणि मौनी दारात उभा राहून ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांच्याकडे पाहत राहिला.

असा वेडावाकडा विचार कुणाच्याही डोक्यात येतो आणि जातो. मौनीच्या डोक्यातून तो गेला नाही, कारण मौनीने त्याला घालवायचा चंग बांधला. असला विचार आपल्याला येतोच कसा, या प्रश्नाने त्याला पछाडलं. चांगल्या माणसाला असं सुचेल का? म्हणजे मी चांगला माणूस नाही. म्हणजे आज ना उद्या माझ्या हातून होणार. रात्रंदिवस हाच हिशेब.

आधी त्याने दाढ्या कारागिराच्या खुर्चीवर ढकलल्या. "माझा खांदा धरलाय," म्हणाला. मग कात्रीही नको वाटायला लागली. नुसत्या मशीनने होतील तेवढी डोकी तो करी. त्यातही गिऱ्हाईक उठलं की त्याच्या मानेकडे दोन-दोनदा बघे. मग गिऱ्हाइकांना फोन करायला लागला. "घरी नीट पोचलात ना?" लोकांना आधी बरं वाटलं. काय आपुलकीचा माणूस, म्हणाले. एका बाईंनी त्याला विचारलं, "अहो, ह्यांना कटिंग करायला पाठवलं होतं, लढाईला नव्हतं. रोज काय फोन करता?"

माझ्याकडेही यायला लागला. गिऱ्हाईक गेलं की हा माझ्या काउंटरपाशी.

"आत्ता निळ्या शर्टातला गेला. तू पाहिलास?"

"पाहिला."

"ठीक होता ना?"

"ठीक म्हणजे?"

"म्हणजे मानेला काही... रक्तबिक्त?"

"अरे, शीळ घालत गेला तो."

त्याचा चेहरा सैल पडे. परत जाई. थोड्या वेळाने पुन्हा हजर. मी पुन्हा सांगे. मित्राला धीर देणं यात चुकीचं काय आहे, असं मला वाटे, आणि कुणालाही तसंच वाटलं असतं.

घरी याहून वाईट चाललं होतं. सुऱ्या, विळी, कात्र्या, मुलीच्या ड्रॉइंगचं कटर, सगळं त्याने बायकोला कपाटात ठेवायला लावलं आणि किल्ली तिने डेपोत न्यावी असा हट्ट धरला. ती भाजी डब्यात भरून कामावर नेई आणि जेवणाच्या सुट्टीत तिकीट खिडकीच्या मागे बसून, डेपोतच ठेवलेल्या सुरीने चिरून आणी. मुलगी शेजारी येऊन बसली की हा उठून दुसऱ्या खोलीत जाई. मुलीला वाटलं, बाबा आपल्यावर चिडलेत. तिनेही बोलणं टाकलं. झोपताना तो बायकोला विचारी, "मी तुम्हाला दोघींना काही करणार नाही ना?" ती म्हणे, "नाही हो, काहीतरीच काय." पाचेक मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न.

एके दुपारी तो दुकानातून उठला आणि सरळ पोलीस चौकीत गेला. टेबलामागे ठाणे अंमलदार बसले होते. हा म्हणाला, "मला आत टाका."

"का? काय केलंत?"

"अजून काही नाही केलं. पण करणार आहे. कुणालातरी मारणार आहे."

"कुणाला?"

"माहीत नाही."

"भांडण झालंय कुणाशी?"

"नाही."

"प्यायलाय का?"

"मी पीत नाही."

अंमलदारांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या नेटक्या भांगाचा, घामाने डबडबलेला माणूस स्वतःला कोंडून घ्या म्हणून हात जोडतोय, असलं प्रकरण त्यांच्याकडे आधी आलं नसावं. ते म्हणाले, "बसा. पाणी घ्या. घरचा नंबर द्या." दुसरं काही लिहून घेतलं नाही. बायको डेपोतून धावत आली तेव्हा तो बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. अंमलदार तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, हे आमच्याकडचं काम नाही. यांना डॉक्टरकडे न्या. आणि उशीर करू नका."

बातमी अर्थातच गल्लीभर झाली. कारागीर ज्याला त्याला "ब्लडप्रेशर वाढलंय दादांचं" सांगत सुटला, पण लोकांना जे ऐकायचं असतं तेच ते ऐकतात. हेडमास्तर यायचे थांबले.

घराजवळच्या डॉक्टरांनी याआधीच झोपेच्या आणि पित्ताच्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या. आता त्यांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर बाकावर ही गर्दी. नंबर आला. डॉक्टर तरुण, सकाळपासून पेशंट बघून डोळे लाल झालेले. त्यांनी विचारलं, "काय होतं?"

"आतून कोणीतरी म्हणतं, मार."

"आवाज येतो?"

"हो."

"कधीपासून?"

आणखी चार-सहा प्रश्न झाले आणि बाहेरून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. मौनी बोलण्यात असा कंजूष, की पाच शब्दांचं काम दोनात करणारा. "आतून कोणीतरी" म्हणजे त्याला नेमकं काय म्हणायचंय हे त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. भास होतात, असं ठरलं आणि त्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायला लागला. जीभ जड झाली. हातांना कंप सुटला. विचार मात्र जिथल्या तिथे. "पूर्वी नुसती भीती होती," त्याने मला पुढे सांगितलं, "आता भीती आणि वर थरथरणारा हात. कुणाला लागण्याची खात्रीच की मग." दुकानात तो यायचा, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा आणि कारागीर काम करायचा. त्या औषधाने कितीतरी लोकांची आयुष्यं सावरली आहेत, हे मला पुढे कळलं. पण ज्या आजाराचं ते होतं, तो मौनीला नव्हता.

बायकोच्या डेपोतल्या एका सहकारी बाईने एका वयस्कर गृहस्थांचं नाव सुचवलं. ते बोलून उपचार करत. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली, दोन आरामखुर्च्या, खिडकीत कुंड्या. ते घाई करत नसत. मौनी गप्प बसला की तेही गप्प बसत. पहिले काही दिवस दोघं बसून कुंड्यांकडे बघत असत म्हणे. बायकोने मला विचारलं, "हे बोलत नाहीत, तेही बोलत नाहीत. मग चाललंय काय तिथे?"

पण हळूहळू मौनी बोलायला लागला. मामाबद्दल बोलला. मामाने आसरा दिला, पोटाला घातलं, हातात कला दिली. आणि वस्तऱ्याला धार लावायच्या चामडी पट्ट्याने त्याला झोडपलंही. बारीकसारीक चुकीला. आईच्या देखत. आई काही बोलायची नाही, कारण जाणार कुठे? आणि हाही काही बोलायचा नाही. त्या खोलीत मौनी मामासाठी पहिल्यांदा रडला आणि मामावर पहिल्यांदा चिडलाही. आपण एवढे मुके का झालो, हे त्याला तिथे उमगलं. घरी येऊन त्याने मुलीला हे सगळं सांगितलं. तिने कधी ऐकलंच नव्हतं. बापलेकीचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते त्या दिवसापासून.

एवढं झालं, पण वस्तरा हातात धरवेना. उलट डोक्यात एक नवं खूळ शिरलं: म्हणजे माझ्या आत खरंच राग दडलेला आहे. मग तर नक्कीच मी कुणाचातरी गळा कापणार. हे त्याने त्या वयस्कर गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, "मामाचं दुःख मोकळं झालं हे चांगलंच झालं. पण हा जो रोजचा विचार आहे ना, त्याचा जेवढा अर्थ लावत जाऊ तेवढा तो वाढतोय. माझ्या पद्धतीने तो जाईल असं मला वाटत नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्या वेगळ्या तऱ्हेने काम करतात. तुम्ही त्यांना भेटावं." आणि त्याच्या समोरच त्यांनी फोन लावला. आपल्या हातचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या खुर्चीवर पाठवायला मोठं मन लागतं, हे मौनीला दुकानदार म्हणून कळत होतं.

या बाई मानसशास्त्रज्ञ. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं सडेतोड. मौनी आणि त्याची बायको दोघं गेली. पहिल्या भेटीत बाईंनी उपचार वगैरे काही केला नाही. नुसतं विचारलं. झोप कशी, भूक कशी, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, कधी कुणावर हात उचललाय का, डोक्याला मार लागला होता का. मग वळून त्या आवाजावर आल्या.

"हा जो 'मार' म्हणतो, तो कानाने ऐकू येतो? मी आत्ता बोलतेय तसा?"

मौनीने विचार केला. "नाही. डोक्यात येतो."

"कुणाचा आवाज?"

"माझाच. म्हणजे... आवाज असा नाहीच. विचार आहे."

"तो आला की मारावंसं वाटतं?"

"नाही हो!" मौनी खुर्चीत ताठ झाला. त्याची बायको सांगते, इतक्या मोठ्याने बोलताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं. "मारायचं नाही म्हणून तर हे सगळं! म्हणून तर सुऱ्या कपाटात, म्हणून तर मी चौकीत गेलो!"

बाईंनी मान हलवली. मग तितक्याच सरळपणे विचारलं, "स्वतःचा जीव द्यावासा वाटलाय का?"

तो खाली बघत म्हणाला, "एकदा. वाटलं, मी नसलो तर कुणाला धोका नाही."

बायकोने त्याचा हात धरला. हे तिला ठाऊक नव्हतं. बाईंनी तो विषय घाईने उरकला नाही. आता तसं वाटतं का, काही ठरवलं होतं का, पुन्हा वाटलं तर सगळ्यात आधी कुणाला सांगाल, हे सगळं बोलून झाल्यावरच त्या पुढे गेल्या.

दुसऱ्या भेटीत त्यांनी नाव सांगितलं. "याला ओसीडी म्हणतात. आपल्याकडे जुना शब्द आहे, मंत्रचळ. लोकांना वाटतं, मंत्रचळ म्हणजे सारखे हात धुणं. तुम्ही हात धूत नाही, तुम्ही मन धुता. ज्याला कुणाला मारायचं असतं तो या विचाराला घाबरत नाही. तुम्ही घाबरता, कारण तुम्हाला सगळ्यात नकोशी गोष्ट हीच आहे. हा आजार नेमकं तेच उचलतो."

"पण विचार येतोच कसा?"

"सगळ्यांना येतात. मी गच्चीच्या कठड्याशी उभी राहिले की मनात येतं, मारू उडी. येतं आणि जातं. मी त्याची पंचाईत करत बसत नाही. तुम्ही बसलात. त्याला हाकलायला गेलात, म्हणून तो मुक्कामालाच राहिला."

बायकोने विचारलं, "मग आधीचे दोघं चुकले का?"

"आमच्याही धंद्यात वेगवेगळे कारागीर असतात," बाई म्हणाल्या. "कुणी मागचं उकरून काढतं. कुणी आज तुम्ही काय विचार करता, काय करता, तेवढंच धरतं. कुणी अख्खं घर समोर बसवतं. कुणी फक्त जीव लावून ऐकतं, त्यानेही फरक पडतो. पण आधी नेमकं काय झालंय ते ओळखायला हवं. ते राहून गेलं की चांगलं औषधही वाया जातं."

त्यांनी त्याला ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी सगळं पुन्हा तपासलं, जुन्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या, दुसरी एक सुरू केली. हाताचा कंप गेला. आणि बाईंचं काम सुरू झालं.

ते काम ऐकून मला वाटलं, या बाईंचंच डोकं तपासून घ्यावं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मौनीला ते वाक्य मोठ्याने म्हणायला लावलं. परत. परत. "मी कुणाचातरी गळा कापीन." ते म्हणताना त्याला घाम फुटे, छाती धडधडे. बाई विचारत, "दहापैकी किती भीती?" तो म्हणे, "दहा." म्हणत राहा. आणि मग कंटाळा येईपर्यंत म्हटल्यावर ती सहावर येई, चारवर येई. मग घरातल्या सुऱ्या कपाटातून बाहेर. जेवणाच्या टेबलावर सुरी ठेवून तिघांनी जेवायचं. मग मुलीने शेजारी बसायचं आणि बापाने तिच्यासाठी काकडी चिरायची. ती काकडी इतकी बारीक चिरली गेली की मुलगी म्हणाली, "बाबा, हिचं पाणी झालं."

यातलं सगळ्यात अवघड काम बायकोचं आणि माझं होतं. बाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. म्हणाल्या, "हे विचारतील, सगळं ठीक आहे ना. उत्तर द्यायचं नाही."

"म्हणजे? गप्प बसायचं?" मी विचारलं.

"म्हणायचं, कोण जाणे. किंवा म्हणायचं, हा प्रश्न आजाराचा आहे, मी त्याच्याशी बोलत नाही. तुम्ही 'हो' म्हटलंत की त्यांना पाच मिनिटं बरं वाटतं आणि सहाव्या मिनिटाला पुन्हा विचारावं लागतं. तुम्ही प्रेमाने आजाराला खाऊ घालताय."

दुसऱ्याच दिवशी मौनी काउंटरशी आला. "आत्ता गेला तो ठीक होता ना?"

मी चष्म्याची काच पुसत म्हटलं, "कोण जाणे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याच्या कानाखाली मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो तसाच उभा राहिला. मीही काच पुसत राहिलो. तिच्यावर डाग नव्हता, पण हाताला काम हवं होतं. शेवटी तो म्हणाला, "बाईंनी शिकवलं का?"

"हो."

"निर्दयी आहात दोघं," म्हणाला आणि परत गेला. त्या दिवशी पुन्हा आला नाही.

मग फुगे आले. नवशिक्या कारागिरांना फुग्यावर फेस लावून वस्तरा चालवायला देतात, फुगा फुटता कामा नये. मौनी स्वतः तसाच शिकला होता. बाई म्हणाल्या, तिथूनच सुरू करू. एक आठवडा दुकानात दुपारच्या वेळी हा एवढा मोठा माणूस लाल-पिवळ्या फुग्यांच्या दाढ्या करत बसला. कारागीर प्रत्येक फुग्याला विचारी, "साहेब, मिशी ठेवायची का?" पहिल्या दिवशी बाई स्वतः दुकानात आल्या होत्या. तेव्हा एक फुटला. मौनी दचकून मागे सरकला, वस्तरा खाली टाकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बाई म्हणाल्या, "दुसरा फुगवा." त्याने दुसरा फुगवला.

फुग्यानंतर माणूस हवा होता. कारागीर तयार होता, पण त्याला दाढीच धड उगवत नव्हती. मग मी.

मी शूर नाही. खुर्चीत बसलो, कापड गळ्याभोवती बांधलं गेलं, तेव्हा माझा कंठमणी वर-खाली होत होता आणि तो मला समोर आरशात दिसत होता. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, हात मांडीवर. माझ्या डोक्याला सगळं पटलेलं होतं. या माणसाने आयुष्यात झुरळ मारलं नसेल, हेही मला माहीत होतं. तरी त्याने फेस लावून डोकं मागे टेकायला सांगितलं आणि मला क्षणभर वाटलं, उठावं.

"विचार आला का?" बाईंनी विचारलं.

"आला."

"हाकलू नका. मोठ्याने सांगा."

मौनीने वस्तरा माझ्या गळ्याला लावला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. "मी आत्ता याचा गळा कापू शकतो," तो म्हणाला.

"किती?"

"नऊ."

"हात थांबवू नका."

पातं हनुवटीखालून सरकलं. थंड, आणि फार हळू. "मी याचा गळा कापू शकतो," तो पुन्हा म्हणाला, आणि मी छताकडे बघत होतो. छताला ओलीचा एक डाग होता, तो मी कधी पाहिला नव्हता. फेसाचा एकेक पट्टा निघत गेला. मध्येच त्याने सवयीने विचारलं, "लागलं नाही ना?" आणि मागून बाई आणि मी एका सुरात म्हणालो, "कोण जाणे." तो हसला. वस्तरा गळ्यावर असताना हसू नये, हे मी त्याला सांगणार होतो, पण मान हलवायची सोय नव्हती.

पुन्हा फेस लावून दुसरा हात मारेपर्यंत तो पाचवर आला होता. कानाशी पोचला तेव्हा म्हणाला, "तीन असेल." बाईंनी विचारलं, "विचार गेला?" तो म्हणाला, "नाही. आहे. असू दे." बाईंचा चेहरा तेव्हा प्रथमच जरा सैल झालेला मी आरशात पाहिला.

मी उठलो तेव्हा माझ्या शर्टाची पाठ घामाने चिंब झाली होती. त्याचा शर्टही तसाच.

त्यानंतर मी दर दोन दिवसांनी बसायला लागलो. माझी कातडी सोलवटून निघाली. मग त्याच्या बायकोचा भाऊ बसला, मग चौकीतले ते ठाणे अंमलदार. त्यांना मौनीने स्वतः जाऊन सगळं सांगितलं आणि दाढीला बोलावलं. ते आले, बसले आणि घोरायला लागले. पुढे जुनी गिऱ्हाइकं परतली. सगळी नाही. काही लोक तेव्हापासून पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानात जाऊ लागले ते आजही तिथेच जातात. हेडमास्तर त्यातलेच. मौनीने त्यांनाही घरी जाऊन सांगितलं होतं, तुमच्या गळ्यावर वस्तरा असताना मला काय विचार आला आणि पुढे काय झालं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, बरं झालास हे छान झालं म्हणाले, आणि पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. रस्त्यात भेटले की हात वर करतात. मौनीने त्याचा राग धरला नाही. "त्यांची मान आहे," म्हणाला.

आजार मुळासकट गेला असं नाही. बाईंनी त्याला तसं कबूलही केलं नव्हतं. दमला, आजारी पडला, झोप कमी झाली की ते वाक्य डोकं वर काढतं. "आलात? बसा," असं तो त्याला मनात म्हणतो आणि कात्री चालवत राहतो. गोळी डॉक्टरांनी काही वर्षांनी बंद केली.

मुलीचं लग्न झालं, तिला मूल झालं, तेव्हा मात्र सगळं उलटून आलं. इवलंसं बाळ कुशीत घ्यायला दिलं आणि त्याच्या डोक्यात वाक्य नव्या वेषात उभं राहिलं. त्याने बाळ परत मुलीच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. पण या वेळी तो महिनोन्‌महिने कुढत बसला नाही. त्याच संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं, दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला, आणि त्यांनी बोलावण्याआधीच म्हणाला, "मला माहितीये काय करायचं ते. फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय." बाई म्हणाल्या, "मग नाही सांगणार. तुम्हीच सांगा." त्याने सांगितलं. तरी त्यांनी त्याला काही वेळा बोलावून घेतलं.

मुलीला बाळाची नखं कापायची भीती वाटायची. बोट एवढंसं, नख कागदासारखं, कुठे कापायचं तेच दिसत नाही. मी त्या दिवशी बाळाला बघायला गेलो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा हात हलका आहे. तुम्ही कापा."

मौनीने खिडकीपाशी उजेडात खुर्ची ओढली, बाळाला मांडीवर घेतलं आणि लहान कात्री मागितली. बायको उंबऱ्यात उभी होती; तिने काही विचारलं नाही, त्यानेही तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता ते मला ठाऊक होतं. त्याने अंगठा आणि तर्जनीमध्ये ते बोट धरलं आणि पहिलं नख कापलं. पाचवं कापेपर्यंत बाळ जांभई देऊन झोपी गेलं.

"दुसरा हात काढ गं दुपट्यातून," तो मुलीला म्हणाला.